विमान शिवारात कोसळलं तर गावानं काय करायचं?

(लेखक पंचायत समितीत विस्तार अधिकारी (कृषी) आहेत.)

या पानावर आपण नेहमी बियाणं, खत, कीड, पाणी याबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तोही आपल्या बांधावरचाच आहे. बारामती, शिरपूर, गोंदिया या भागात वैमानिक घडवण्याच्या शाळा आहेत. तिथली लहान विमानं आपल्या डोक्यावरून दिवसभर घिरट्या घालतात. पोरं-सोरं मान वर करून बघतात आणि आपण खुरपणीला लागतो. पण ही विमानं पडतात तेव्हा बहुतेक वेळा शहरात पडत नाहीत. ती उसात, कपाशीत नाहीतर माळावर पडतात. पोलीस, डॉक्टर, अग्निशमनची गाडी पोचायच्या आधी तिथं पोचतो तो शेतकरी, त्याचा सालगडी आणि शेजारच्या वस्तीवरची माणसं.

मागची काही वर्षं आठवून बघा. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या वर्डी शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याला, शिकाऊ विमान कोसळलं. शिकवणारा वैमानिक जागीच गेला, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. २५ जुलै २०२२ रोजी पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला एका शेतात विमान पडलं. आत एकटी शिकाऊ मुलगी होती, ती वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं खाली आली, एक कटफळजवळ आणि दुसरं गोजुबावीजवळ. शेजारच्या तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये विमान थेट कपाशीच्या रानात पडलं आणि दोन शिकाऊ वैमानिक दगावले. मार्च २०२३ मध्ये गोंदियाजवळच्या बिरसीहून उडालेलं विमान मध्य प्रदेशात बालाघाटच्या डोंगरात पडलं, तिथंही दोघं गेले.

एवढं झाल्यावर ‘आपल्याकडं कशाला पडतंय’ असं म्हणून गप्प बसणं बरोबर नाही. वीज पडली तर काय करायचं, साप चावला तर काय करायचं हे आपण गावाला सांगतो. तसंच हेही एकदा नीट समजून घेऊ.

हे विमान असतं तरी केवढं?

मुंबई-दिल्लीचं विमान डोळ्यांसमोर आणू नका. शिकाऊ विमान दोन नाहीतर चार माणसांचं असतं. सेस्ना १५२ हे दोन आसनांचं विमान माणसं आणि इंधन धरून साडेसातशे किलोच्या आसपास भरतं. म्हणजे आपला मोकळा ट्रॅक्टरसुद्धा त्याच्या दुपटीहून जड. इंजिन मात्र ११० अश्वशक्तीचं. त्याहून लहान असतात ती अतिहलकी विमानं, ज्यांना मायक्रोलाइट किंवा अल्ट्रालाइट म्हणतात. त्यांचं वजन साधारण ४५० किलोच्या आतबाहेर. काहींना तर नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड एवढंच असतं. एनसीसीच्या पोरांना उडायला शिकवतात ती याच जातीची विमानं.

वजन कमी म्हणून वेग कमी, आणि वेग कमी म्हणून उतरायला लहान धावपट्टी पुरते. हा झाला फायदा. तोटा असा की वाऱ्याचा झोत अशा विमानाला लगेच हलवतो. उफणणीच्या वेळी दाणा खाली पडतो आणि भुसा वाऱ्यावर जातो, तसाच हा प्रकार. मोठं विमान दाण्यासारखं, हे भुशासारखं.

उतरतानाच घात का होतो?

बैलगाडी चढावर जेवढी सांभाळावी लागते त्याहून जास्त उतारावर सांभाळावी लागते. विमानाचंही तसंच आहे. उतरताना ते जमिनीच्या जवळ असतं, वेग कमी असतो आणि वैमानिकाच्या हाताला कामं जास्त असतात. चूक सुधारायला ना उंची शिल्लक असते ना वेळ.

पंखाला उचलून धरतो तो वारा. सेस्नासारखं विमान उतरताना ताशी १०० ते १२० किलोमीटर वेगानं येतं. वेग ८०च्या खाली गेला की पंखावरून वारा नीट वाहत नाही, आणि पंख विमानाला उचलायचं सोडून देतो. याला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन चालू असलं तरी हे होऊ शकतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. लोक म्हणतात ‘इंजिन बंद पडलं असणार’, पण कित्येकदा इंजिन ठणठणीत असतं.

यात सगळ्यांत वाईट जागा म्हणजे शेवटचं वळण. विमान आधी धावपट्टीला समांतर जातं, मग काटकोनात वळतं आणि शेवटी पुन्हा वळून धावपट्टीच्या रेषेत येतं. वाऱ्यानं ते रेषेच्या पलीकडं गेलं, तर नवशिका वैमानिक घाईनं जास्त कलून वळायला बघतो. विमान कललं की त्याला तोलून धरायला जास्त वेग लागतो. ४५ अंश कललं, तर जिथं ८० पुरत होतं तिथं ९५ लागतात. वेग तेवढा नसला की आतल्या बाजूचा पंख आधी सोडतो आणि विमान भोवऱ्यासारखं गिरकी घेत खाली येतं. गिरकीतून सावरायला हजार फूट उंची लागते आणि त्या वळणावर विमान असतं जेमतेम पाचशे फुटांवर. हिशेब तुम्हीच करा.

दुसरं कारण आपल्या रानातलंच आहे. नांगरून टाकलेली काळी जमीन एप्रिल-मेच्या दुपारी तापते आणि तिच्यावरून गरम हवा वर चढते. वावटळ उठते ती यामुळेच. शेजारीच भिजवलेला ऊस असला तर तिथली हवा थंड आणि जड राहते. हलकं विमान नांगरटीवरून गेलं की वर ढकललं जातं आणि उसावर आलं की खाली बसतं. शिवाय झाडांच्या, उसाच्या आडोशानं जमिनीलगतचा वारा एकदम पडतो. समोरचा वारा पडला की पंखावरचा वेगही तेवढाच कमी होतो. वैमानिकानं आधीच थोडा वेग राखून ठेवला नसेल, तर धावपट्टीच्या अलीकडंच चाकं टेकतात.

तिसरं कारण ऐकून नवल वाटेल. ढगाळ, दमट हवेत, बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान असतानाही इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो. उतरताना इंजिन मंद केलेलं असतं, तेव्हा हा धोका जास्त. पुन्हा जोर द्यावा म्हटलं तर इंजिन फुरफुरतं आणि बसतं. यावर इलाज म्हणून कार्बोरेटरला गरम हवा देणारी दांडी बसवलेली असते. ती वेळेवर ओढायला मात्र लागते.

तारा, झाडं आणि धूर

चौथं कारण तारांचं. जानेवारी २०२३ मध्ये मध्य प्रदेशात रीवाजवळ रात्रीच्या वेळी, धुक्यात, उतरायला येणारं शिकाऊ विमान विजेच्या तारेला आणि गावातल्या मंदिराच्या कळसाला धडकलं. शिकवणारा वैमानिक मेला, शिकणारा जखमी झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात अलीगढच्या धनीपूर धावपट्टीवर उतरताना एक जरा मोठं विमान तारेत अडकून पडलं आणि पेटलं. आतली सहाही माणसं बाहेर पडली हे नशीब.

वरून तार दिसतच नाही. वैमानिक खांब शोधतात आणि खांबावरून तारेचा अंदाज घेतात. आपल्या वेलीत, झाडीत खांब लपला की अंदाजही गेला.

उंचीचा हिशेब सोपा आहे. नेहमीच्या उताराने विमान धावपट्टीकडं येतं तेव्हा टोकापासून एक किलोमीटरवर ते साधारण ५० ते ६० मीटर उंच असतं. अर्ध्या किलोमीटरवर पंचवीस-तीस मीटर. अकरा केव्हीचा खांब आठ-नऊ मीटरचा असतो. म्हणजे सगळं ठीक असलं तर अडचण नाही. पण बांधावरची निलगिरी पंचवीस मीटर सहज जाते. विमान जरा खाली आलेलं असलं की तीच निलगिरी जीव घेते.

म्हणून धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या समोर ज्यांची जमीन आहे त्यांना माझं सांगणं आहे:

बांधावर निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक लावू नका. वारा अडवायचाच असेल तर शेवरी, गिरिपुष्प यांसारखी छाटून बुटकी ठेवता येणारी झाडं लावा. हिरवळीचं खतही मिळेल.

उसाचं पाचट पेटवू नका. पाचट कुजवल्यानं जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो हे मी दर हंगामात सांगतोच. इथं आणखी एक कारण धरा. संध्याकाळी पाचटाचा धूर जमिनीलगत पसरतो, आणि उतरणाऱ्या वैमानिकाला धावपट्टीच दिसत नाही.

मेलेली जनावरं, कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकू नका. त्यावर घारी आणि कुत्री जमतात. विमान नियमांत विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत जनावरं कापून उघड्यावर सोलायला आणि घाण टाकायला बंदी आहे. पोल्ट्रीवाल्यांनी खड्डा करून चुना टाकून पुरावं. ग्रामपंचायतीनं कचऱ्याची जागा ठरवताना हे बघावं.

फवारणीच्या ड्रोनचं विशेष सांगतो, कारण आता बचत गटांकडंही ड्रोन आले आहेत. ड्रोन नियम २०२१ मध्ये आले. विमानतळाच्या हद्दीपासून बारा किलोमीटरपर्यंतचा भाग पिवळा धरतात. त्यात आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांपर्यंत मोकळीक आहे. आठच्या आत मात्र परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, फवारणी पिकावर तीन मीटरवरून असली तरी. ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर आपला गट कुठल्या रंगात येतो ते बघून मगच ड्रोनवाल्याला बोलवा.

विमान घिरट्या घालत खाली येत असेल तर

इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं पडत नाही. हजार फुटांवरून ते दोन-अडीच किलोमीटर घसरत जाऊ शकतं. तेवढ्यात वैमानिक मोकळं रान हुडकतो. हरभरा नुकताच काढलेलं रान, माळ, गवताचं कुरण त्याला चालतं. ऊस, डाळिंब-द्राक्षाचे मांडव, विहिरी असलेलं रान तो टाळतो.

अशा वेळी रानात असाल तर एकच काम. जनावरं आणि पोरं घेऊन बाजूला व्हा, विमान येतंय त्या रेषेतून आडवे बाहेर पडा. हात हलवत त्याच्याकडं पळू नका. मोबाईल काढून चित्रण करायला मध्ये उभे राहू नका. वैमानिक माणूस बघून विमान वळवायला जातो आणि त्या वळणातच घात होतो, हे वर सांगितलंच आहे.

पडल्यावर पहिली दहा मिनिटं

हा भाग कापून चावडीवर लावला तरी चालेल.

१) आधी फोन. ११२ वर पोलीस, १०८ वर रुग्णवाहिका, १०१ वर अग्निशमन. गावाचं नाव सांगून थांबू नका. ‘अमक्या रस्त्यानं या, अमक्या ओढ्याजवळ वळा’ असं सांगा आणि फाट्यावर एक माणूस उभा करा. ग्रामसुरक्षा यंत्रणा असलेल्या गावांनी त्यावरून निरोप द्यावा, पण ‘बघायला या’ असा नव्हे, तर ‘रस्ता मोकळा ठेवा’ असा.

२) तारा बघा. विमानानं तार तोडली असेल तर खाली पडलेली तार मेलेली आहे असं समजू नका. ओल्या रानात तर अजिबात पुढं जाऊ नका. महावितरणला १९१२ वर सांगा, शिवाय आपल्या वायरमनला थेट फोन लावा. फीडर बंद झाल्याचं त्यानं तोंडानं सांगेपर्यंत थांबा.

३) विडी, काडीपेटी, सिगारेट लांब. सेस्नाच्या दोन्ही पंखांत मिळून शंभर लिटरच्या आसपास पेट्रोल मावतं. ते निळसर रंगाचं असतं आणि त्याची वाफ जमिनीलगत सखल जागेत, सरीत साचते. ट्रॅक्टर, मोटारसायकल शंभर मीटरच्या आत आणू नका. वाऱ्याच्या पाठीकडून जा, म्हणजे वाफ आणि धूर तुमच्या अंगावर येणार नाही.

४) पंख्याला हात लावू नका. थांबलेला पंखासुद्धा हलवला तर फिरू शकतो. त्याच्या समोरून नव्हे, पाठीमागून किंवा बाजूनं जा.

५) अतिहलक्या विमानात छत्री असू शकते. संकटात सगळं विमानच छत्रीला टांगून खाली यावं म्हणून ही सोय असते, आणि ती छत्री बाहेर फेकायला छोटं रॉकेट बसवलेलं असतं. अपघातात ते उडालं नसेल तर मदतीला गेलेल्याला इजा करू शकतं. आत लाल मूठ दिसली तर ओढू नका. विमानाच्या अंगावर रॉकेटचा किंवा धोक्याचा त्रिकोणी शिक्का दिसला तर त्या जागेसमोर उभं राहू नका.

६) माणूस आत असेल तर. आग नसेल आणि तो श्वास घेत असेल, तर ओढून काढायची घाई करू नका. मान आणि पाठीचा कणा मोडलेला असू शकतो. डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा, बोलत राहा, रक्त वाहतंय तिथं स्वच्छ कापड दाबून धरा. पाणी पाजू नका, पुढं शस्त्रक्रिया लागू शकते. आग लागली असेल किंवा पेट्रोल गळून धूर येत असेल, तर मात्र वाट बघायची नाही. पट्ट्याचं कुलूप खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्या जिथं जुळतात तिथं असतं. ते सोडा, सुटत नसेल तर विळ्यानं पट्टा कापा आणि बाहेर काढा.

७) शक्य असेल तर विमानातली चावी बंद करा. मोटारीसारखीच चावी असते. शेजारी लाल रंगाचं मुख्य बटण असतं, तेही बंद करा. दुसऱ्या कशाला हात नको.

वर्डीच्या अपघाताचं एक सांगण्यासारखं आहे. पावसाचे दिवस, चिखल, गाडी जाईल असा रस्ता नाही. जवळच्या आदिवासी वस्तीवरची माणसं धावली. एका बाईनं आपलं लुगडं काढून दिलं, त्याची झोळी केली, आणि त्या झोळीत घालून माणसांनी त्या मुलीला पायी रस्त्यापर्यंत आणलं. कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. जे हाताशी होतं ते वापरलं. आपल्या गावात निदान एक स्ट्रेचर, दोन कांबळी आणि एक चांगली बॅटरी ग्रामपंचायतीत ठेवायला काय हरकत आहे? झोळीपेक्षा फळी बरी, कारण पाठ सरळ राहते. दरवाज्याची फळी, बाज उलटी करून, काहीही चालेल.

सांगाड्याला हात नको

जखमी हलवले की पुढचा मोह सुरू होतो. कुणी तुकडा घरी नेतो, कुणी पंखावर बसून फोटो काढतो, कुणी भंगारवाल्याला विचारतो. हे गुन्ह्याचं काम आहे आणि त्याहून वाईट म्हणजे मूर्खपणाचं आहे.

विमान अपघाताच्या तपासाला केंद्र सरकारनं २०१२ मध्ये वेगळा विभाग केला, विमान अपघात अन्वेषण विभाग. तपासाच्या नियमांत साफ लिहिलंय की परवानगीशिवाय अवशेष हलवायचे नाहीत. सूट कुठं आहे? माणसं किंवा जनावरं बाहेर काढायला, आग विझवायला, लोकांना धोका किंवा अडथळा होत असेल तर तो टाळायला. बस. तपास कुणाला शिक्षा करायला नसतो, तर पुन्हा तसं होऊ नये म्हणून असतो. इंधनाची कळ कुठल्या बाजूला होती, पंखाचा मागचा पडदा किती खाली होता, पंख्याची पाती वाकली की सरळ राहिली, यावरून तज्ज्ञ सांगतात की इंजिन जोरात होतं की बंद होतं. पोरानं एक दांडी हलवली की पुरावा गेला. पुढच्या वेळी त्याच खोडीनं दुसरं विमान पडेल, आणि तेही कुणाच्या तरी रानातच.

पोलीस पाटलांनी एक करावं. चार काठ्या आणि सुतळी घेऊन पन्नास मीटरवर कडं करावं, आत-बाहेर जायला एकच वाट ठेवावी. कोण आत गेलं, काय हलवलं आणि का हलवलं हे वहीत लिहून ठेवावं. पहिल्यांदा विमान कुणी पाहिलं, आवाज कसा होता, कुठून कुठं वळलं हे त्या माणसाच्याच शब्दांत लगेच लिहून घ्यावं. दोन दिवसांनी टीव्ही बघून प्रत्येकाची साक्ष बदललेली असते.

आणि माझ्या पिकाचं काय?

आता खरा प्रश्न. शेतकरी मला हाच विचारतील आणि विचारायलाच हवा. विमान पडतं दोन गुंठ्यांत, पण बघ्यांनी तुडवलेलं रान एकरभर होतं. ठिबकच्या नळ्या तुटतात, बांध फुटतो, गाड्यांनी सरी मोडते. वर तपास होईपर्यंत तो तुकडा अडकून राहतो. काढणीला आलेलं पीक असेल तर तेही जागेवरच.

पीक विम्याकडं बघू नका. तो दुष्काळ, पूर, गारपीट, कीड-रोग अशा कारणांसाठी आहे. विमान पडून झालेलं नुकसान त्यात बसत नाही. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीतही ते येत नाही. म्हणजे मागणी करायची ती विमान चालवणाऱ्या संस्थेकडं, लेखी, आणि त्यासाठी कागद पक्के पाहिजेत.

पहिला कागद पंचनाम्याचा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) आणि ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी यांनी मिळून तो करावा. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: विमानानं नासलेलं क्षेत्र, गर्दीनं आणि वाहनांनी तुडवलेलं क्षेत्र, आणि तपासासाठी अडकलेलं क्षेत्र. बहुतेक पंचनाम्यांत ‘पिकाचे नुकसान झाले’ एवढंच लिहितात. असा पंचनामा पुढं कुठंच उभा राहत नाही. पीक, वाण, वय, ठिबक, पाइपलाइन, बांध, झाडं यांची मोजून नोंद करावी. मोबाईलवर फोटो काढायचे ते अशा वेळी, तारीख-वेळेसह.

दुसरा कागद सातबाऱ्यावरची पीक नोंद. ई-पीक पाहणी केलेली असेल तर तिथं काय पीक होतं हे सिद्ध करायला दुसरा पुरावा लागत नाही. केलेली नसेल तर समोरचा म्हणणारच, ‘इथं ऊस होता कशावरून?’ म्हणून पाहणी वेळेवर करा, विमान पडो न पडो.

तिसरा कागद उत्पन्नाचा अंदाज. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून त्या पिकाचं सरासरी उत्पादन घ्या आणि बाजार समितीचा त्या दिवसाचा भाव लावा. अर्जाची एक प्रत तहसीलदारांना, एक पोलीस ठाण्याला द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

माती आणि चारा

तपासवाले गेले, सांगाडा उचलला, म्हणजे रान लगेच नांगरायला घेऊ नका. सेस्नासारख्या विमानाच्या त्या निळसर पेट्रोलमध्ये शिसं असतं, एका लिटरला अर्ध्या ग्रॅमपर्यंत. पेट्रोल उडून जातं, शिसं मात्र वरच्या थरात बसतं. टाकी भरलेली असेल आणि सगळी सांडली, तर पन्नासेक ग्रॅम शिसं एका छोट्या जागेत साचतं. सगळं रान काही बाद होत नाही, घाबरू नका. पण जिथं पेट्रोलचा डाग आहे आणि पीक करपलंय, तिथली अर्धा फूट माती काढा. ती उकिरड्यावर किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका. विमान उचलणाऱ्या संस्थेनंच ती न्यावी, असं पंचनाम्यातच लिहून घ्या. जागेची माती तपासायला द्या आणि त्यात शिसं तपासायला वेगळं सांगा, कारण नेहमीच्या तपासणीत ते येत नाही. विहीर जवळ असेल तर पाण्याचा नमुनाही पाठवा.

त्या तुकड्यातला चारा जनावराला घालू नका. शिशाची बाधा गाई-म्हशींना लवकर होते. शिवाय पत्र्याचे बारीक तुकडे, तारा, काचतंतूचे आणि कार्बनतंतूचे कपचे चाऱ्यात मिसळलेले असतात. कडबा कुट्टीतून ते गेले तर पातं तुटेल, आणि गव्हाणीत गेले तर जनावर. लोहचुंबक फिरवून सगळं निघेल या भरवशावर राहू नका. विमानाचा पत्रा अॅल्युमिनियमचा असतो, त्याला चुंबक धरत नाही. रान हातानं वेचावं लागतं, आणि हातात मोजे, पायात बूट पाहिजेत. त्या मजुरीचा हिशेबही अर्जात लावा.

ग्रामसभेत एवढं मांडा

धावपट्टीच्या दहा-बारा किलोमीटरच्या आतल्या गावांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. फार खर्चाचं काही नाही. जवळच्या उड्डाण शाळेला ग्रामपंचायतीनं पत्र द्यावं आणि तिच्या सुरक्षा अधिकाऱ्याला एक तास गावात बोलवावं. विमान एकदा जवळून दाखवा, चावी कुठं, पट्टा कसा सुटतो हे पोरांना हातानं करून बघू द्या, असं सांगावं. शाळेनं आपला चोवीस तास लागणारा फोन क्रमांक द्यावा, तो पोलीस पाटलाकडं, सरपंचाकडं आणि वायरमनकडं असावा. शिवारात कुठं खोल विहिरी उघड्या आहेत, कुठून अकरा आणि तेहतीस केव्हीच्या तारा जातात, याचा साधा नकाशा करून शाळेला द्यावा. वैमानिकाला वरून जे दिसत नाही ते आपल्याला खालून दिसतं. आणि नुकसान झालं तर किती दिवसांत, कुणाकडं अर्ज करायचा, हे शाळेकडून आधीच लिहून घ्यावं. अपघात झाल्यावर मागितलं तर भांडण होतं, आधी मागितलं तर नियम होतो.

ही विमानं चालवणारी पोरं बहुतेक वीस-बावीस वर्षांची असतात. कितीतरी जणांच्या आई-बापांनी त्या फीसाठी जमीन गहाण टाकलेली असते. तीही आपलीच लेकरं आहेत. त्यातलं एखादं आपल्या उसात पडलं, तर गर्दी करणारं गाव व्हायचं की झोळी करणारं, हे ग्रामसभेतच ठरवून टाका. तेवढ्यासाठी विषयपत्रिकेत एक ओळ पुरते.